आठशे चाळीस अंश

११ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रायल फसली. पावणेतीनला रणजीत सरांनी ग्राहकाच्या प्लांटमधूनच फोन करून पक्कं सांगितलं. आमच्या नव्या कॅटॅलिस्टची ॲक्टिव्हिटी नेहमीच्या मालाच्या एक तृतीयांश भरली. मी तिप्पट येईल असं लिहून दिलं होतं. आपण दिलेला आकडा असा उलटा होऊन समोर येतो तेव्हा माणसाला आधी हसू येतं, हे आज कळलं. सर फोनवर होते म्हणून आवरलं.

डायरीची सवय कॉलेजनंतर सुटली होती. आजपासून पुन्हा लिहितो. आता कोण कधी काय म्हणालं, याला महत्त्व येणार आहे.

आमची महाळुंग्याची कंपनी पॉलिथिलीन बनवणाऱ्यांना कॅटॅलिस्ट पुरवते. सिलिकाची पावडर, तिच्यावर एक टक्का क्रोमियम. ही पावडर कोरड्या हवेत भट्टीत तापवली की क्रोमियमचे अणू सिलिकाला घट्ट धरून बसतात. मग इथिलीन वायू त्यांच्याजवळ आला की त्याच्या लांब साखळ्या होत जातात, म्हणजे प्लास्टिक. पावडर किती तापवायची, यावर सगळं अवलंबून. आम्ही वर्षानुवर्षं साडेसातशे अंशांवर थांबत होतो. मी कॉम्प्युटरवर सिलिकाचे तुकडे रचले, प्रत्येकावर क्रोमियमचा एकेक अणू बसवला आणि आठ महिने गणितं केली. उत्तर आलं आठशे चाळीस. तेवढ्या तापमानाला क्रोमियमच्या काही जागा ताणल्या जातात, आणि ताणलेली जागा इथिलीनला लवकर धरते. सहा वर्षांच्या नोकरीतलं माझं सर्वांत चांगलं काम.

भट्टीवर जहीरभाई असतात. एकोणीस वर्षं तीच भट्टी, तोच स्टूल. त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, "सर, ही सिलिका आठशेच्या वर बसते. आधी छोट्या नळीच्या भट्टीत दोनशे ग्रॅम करून बघू." मी विचारलं, हे कुठल्या समीकरणाने काढलंत? ते म्हणाले, बरणीने. जास्त तापलेला माल तेवढ्याच वजनाला बरणीत चार बोटं कमी भरतो. मी ही गोष्ट कॅन्टीनमध्ये सांगितली होती. बरंच हसले सगळे. जहीरभाईही पलीकडच्या टेबलावर बसून हसत होते.

छोट्या नळीसाठी वेळ नव्हता. ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी, सरळ मोठी भट्टी लावली. दुपारी जहीरभाई नमाजाला गेले तेव्हा पाऊण तास मीच भट्टीपाशी बसलो होतो. ती जुनी पद्धत आहे; शुक्रवारी कोणी ना कोणी बसतं. भट्टी नीट चालू होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रणजीत सर सकाळी केबिनमध्ये म्हणाले, "शेखर, मला एका वाक्यात सांग. मॉडेल चुकलं की भट्टी?"

मी म्हटलं, विज्ञानात असं एका वाक्यात सांगता येत नाही. ते म्हणाले, ग्राहकाला शुक्रवारपर्यंत एकच वाक्य हवंय आणि तो विज्ञान वाचत नाही. तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की भट्टीत ओलसर हवा शिरली असेल तर निकाल नेमका असाच येतो. हे कुठल्याही पुस्तकात आहे.

त्यांनी भट्टीचं रजिस्टर मागवलं. दर अर्ध्या तासाला तापमान, हवेचा वेग आणि हवेतला ओलावा अशी तीन रीडिंग लिहायची असतात. ३१ तारखेच्या पानावर दीड आणि दोन वाजताच्या ओळी कोऱ्या. सरांनी बोट ठेवलं, तारीख पाहिली, कॅलेंडरकडे पाहिलं. "शुक्रवार. अच्छा." त्यांच्या "अच्छा"नंतर विषय संपतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

मी सांगणार होतो. पण त्यांनी फोन उचलला. न विचारता मध्येच बोललो असतो तर मी कशाचा तरी बचाव करतोय असं वाटलं असतं. त्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या त्या साध्या गैरसमजातून. मला वाटलं जहीरभाई आल्यावर लिहितील, त्यांना वाटलं मी लिहिल्या. शिवाय पानाखाली ऑपरेटर म्हणून सही त्यांची आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जहीरभाई सस्पेंड. एचआरच्या मोनिकाने साडेअकराला मेल पाठवला. आरोप: भट्टी सोडून जाणं, नोंदी न करणं, मालात ओलावा जाऊ देणं.

ते ड्रॉवर आवरत होते. फारसं काही नव्हतंच: चष्मा, स्टीलचा पेला, काचेच्या बंद नळ्यांमध्ये ठेवलेले जुन्या मालाचे नमुने. नळ्या कंपनीच्या म्हणून सिक्युरिटीने ठेवून घेतल्या. जाताना त्यांनी माझ्या टेबलापाशी थांबून हळू आवाजात म्हटलं, "सर, तो पाऊण तास तुम्ही होतात, एवढं मॅडमना सांगून टाका. मी सांगितलं की सबब वाटते."

मी बघतो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हाताखालच्या पोराला डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह घट्ट आहे, जोर लावून फिरव, असं सांगून गेले.

कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, आता शुक्रवारी भट्टीलाही सुट्टी. मला असली थट्टा आवडत नाही. मी हसलो नाही, फक्त मान खाली घातली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चार्जशीटला जोडायचा तांत्रिक अहवाल पूर्ण केला. चौदा पानं, आकृत्यांसह. रणजीत सरांनी तासाभरात वाचून "एकदम स्वच्छ" असा मेसेज केला. एक वाक्य मनासारखं जमलंय: "सदर कालावधीत भट्टी पात्र ऑपरेटरच्या देखरेखीखाली नव्हती." यातला एकही शब्द खोटा नाही. मी पात्र ऑपरेटर नाही. माझ्याकडे ते प्रमाणपत्रच नाही.

मंजुषाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाषा चांगली आहे. तिला केमिस्ट्रीत रस नाही, पण बायकोने एवढं म्हटलं तरी बरं वाटतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

महेकचा मेसेज आला. जहीरभाईंची मुलगी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर मी तिला दर रविवारी तासभर मॉडेलिंग शिकवत होतो, जहीरभाईंच्या शब्दाखातर, काही न घेता. मुलगी हुशार आहे. जानेवारीपासून आमच्याकडेच प्रोजेक्ट करणार होती.

तिने लिहिलंय: "सर, अब्बांच्या चार्जशीटसोबत तुमचा रिपोर्ट आला, तो वाचला. पान चारवर सिलिकाचे खालचे दोन थर बांधलेले दिसतात. ते मोकळे सोडून बघितलं होतं का?"

थर बांधणं म्हणजे काय, ते मीच तिला शिकवलं. सिलिकाच्या तुकड्यातले तळाचे अणू जागच्या जागी खिळवून ठेवायचे आणि फक्त वरच्यांना हलू द्यायचं. सगळे अणू मोकळे सोडले तर एकेका गणिताला तिप्पट वेळ लागतो. सगळेच बांधतात. मी उत्तर दिलं, ही प्रमाणित पद्धत आहे. तिचं "ओके सर" आलं.

वडिलांवर अशी वेळ आली असताना हिला पान चार सुचतं. कौतुक करावं की काय, कळेना. चौकशीत कोणी विचारलं तर दाखवायला असावं, म्हणून सर्वांत चांगल्या बारा जागा निवडल्या आणि थर मोकळे सोडून गणित लावलं. पाच दिवस लागतील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गणित सकाळी संपलं.

थर मोकळे सोडल्यावर सगळा तुकडाच हळूहळू खाली आला. वरच्या जागा सैल पडल्या. बारापैकी अकरा जागांचा ताण गेला, आणि त्याबरोबर इथिलीनला धरायची ताकदही. त्या निकामी झाल्या. तो ताण मुळात तापमानाचा नव्हताच. मी खालून बांधलं होतं, म्हणून तो होता.

आकृती फिरवून फिरवून पाहिली. छिद्रं मिटत जातात, भिंती जवळ येतात. याला शास्त्रीय शब्द आहे, पण सकाळपासून डोक्यात "बसली" हाच येतोय.

अर्थात एका गणिताने काही सिद्ध होत नाही. संशोधनात निदान तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर यावं लागतं. शिवाय सिलिका बसली म्हणून ओलावा नव्हताच असं होत नाही. दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात. घाईने निष्कर्ष काढणं हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा दोष. फोल्डरला "नंतर तपासायचं" असं नाव देऊन ठेवलं.

 

२६ नोव्हेंबर, बुधवार

ग्राहकाने दुसरी संधी दिली आहे. नवीन बॅच लावायची. मी रणजीत सरांना सहज सुचवलं की या वेळी सातशे ऐंशीवर थांबून बघू या का, थोडं सुरक्षित.

ते म्हणाले, "का? मॉडेल बरोबर, भट्टी चुकली, हे तूच लिहिलंस ना? मग मॉडेल कशाला हलवायचं राव? मी ग्राहकाला आठशे चाळीसच सांगितलंय."

 तर्क त्यांचा बरोबर होता.

मग त्यांनी जहीरभाईंचं उत्तर माझ्यापुढे सरकवलं. एकच पान, हाताने लिहिलेलं, अक्षर शाळेतल्यासारखं गोल. माल भट्टीतून केशरी निघाला होता, ओलावा लागला असता तर हिरवट पडला असता, असं लिहिलंय. मी भट्टी सोडताना तिथे जबाबदार माणूस बसला होता, असंही. नाव घातलेलं नाही. शेवटी विनंती: त्या बॅचचा सील केलेला नमुना दोन नंबरच्या कपाटात आहे, तो पुण्याच्या लॅबला पाठवून त्याचं पृष्ठफळ मोजून घ्यावं. सिलिका बसली असेल तर लगेच कळेल.

बरोबर आहे, कळेल. दोन दिवसांची टेस्ट आहे. बसलेल्या सिलिकाचं पृष्ठफळ निम्म्यावर येतं, ओलाव्याने तेवढं येत नाही.

सरांनी विचारलं, गरज आहे का? निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला, ही त्यांची पद्धत चांगली आहे. मी समासात "आवश्यकता नाही" असं लिहून सही केली. पेन नीट उठत नव्हतं. सरांनी त्यांचं दिलं.

जबाबदार माणसाचं नाव का घातलं नसेल? मी म्हणेन, त्यांनाही खात्री नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

महेकचा जानेवारीचा प्रोजेक्ट रद्द करायला मोनिकाला सांगितलं. ज्या कंपनीत वडिलांची चौकशी चालू आहे तिथे मुलीने रोज यायचं, हे तिलाच अवघड जाईल. कोणीतरी तिच्या बाजूने विचार करायला हवा होता. पत्रावर कारण "प्रशासकीय" असं घालायला लावलं, म्हणजे तिच्या रेकॉर्डला धक्का नको.

२९ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोनवर सोसायटीच्या ॲपची सूचना आली. गेटवर पाहुणे. फोटोत जहीरभाई आणि महेक, कॅमेऱ्याकडे बघत उभे. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत आतून कोणी होकार दिल्याशिवाय गेट उघडत नाही. मी सूचना तशीच राहू दिली. दोन मिनिटांनी ती आपोआप जाते. गेली. पुन्हा आली, तोच फोटो, फक्त महेकने आता खाली पाहिलेलं. तेवढ्यात मंजुषाने तिच्या फोनवरून होकार दिला. घरात दोन फोन असले की असं होतं.

जहीरभाई सोफ्याच्या कडेला बसले. अर्धा चहा प्यायले. मग म्हणाले, "सर, तुमच्या मॉडेलचं मला कळत नाही, त्यावर मी काही बोलणार नाही. नमुन्याचंही सोडा. फक्त एवढं लिहून द्या, की त्या पाऊण तासात तुम्ही बसला होतात."

मी त्यांना शांतपणे समजावलं. मी तसं लिहिलं तर प्रश्न येणार की शेखर तिथे असताना रीडिंग का नाहीत. प्रकरण वाढणार, आणखी लोक ओढले जाणार, त्यात त्यांचंही नुकसान आहे. त्यापेक्षा चाकणला एका रंगाच्या कारखान्यात माझी ओळख आहे, स्टोअरमध्ये जागा निघेल, मी आजच फोन करतो.

त्यांनी विचारलं, "तिथे भट्टी आहे का?"

मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले.

मग महेकने विचारलं, "सर, थर मोकळे सोडून बघितलंत?"

मी म्हटलं, गणित चालू आहे.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

"एवढ्या तुकड्याला पाच दिवस लागतात असं तुम्हीच शिकवलं होतं. मी मेसेज करून आज नऊ दिवस झाले."

जहीरभाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "बस, बेटा. सर के घर में बैठे हैं." आणि दोघं उठले. दारात त्यांनी माझ्याशी हात मिळवला. तळवा अजून तसाच खरखरीत आहे, भट्टीवाल्यांचा असतो तसा.

मंजुषाने कप उचलताना विचारलं, "तू बसला होतास?"

मी तिला पहिल्यापासून सांगितलं. थर का बांधतात, ताणलेल्या जागा म्हणजे काय, ओलाव्याचा परिणाम, ऑपरेटरच्या प्रमाणपत्राचा नियम. दहा मिनिटं तरी लागली. तोवर तिने कप विसळून ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे बसला होतास." आणि बाल्कनीतले कपडे आणायला गेली.

मी समजावताना उदाहरण बदलायला हवं होतं. केमिस्ट्री नसलेल्या माणसाला हे एकदम पचत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

मंजुषा सकाळपासून निगडीला तिच्या आईकडे गेली आहे. कधी येणार ते विचारलं नाही.

मोनिकाने दुपारी फोन करून उद्याचं सगळं पक्कं केलं. चौकशी अकराला, कॉन्फरन्स रूममध्ये. कंपनीकडून मी एकटाच साक्षीदार. अहवाल माझा आहे, मान्य आहे, एवढं म्हणायचं. त्या वेळेत भट्टीपाशी आणखी कोणी होतं का, हा प्रश्न कंपनी विचारणार नाही. विचारायचा अधिकार जहीरभाईंना होता. त्याचंच मला जरा दडपण होतं, खोटं का लिहू. पण मोनिका म्हणाली, त्यांनी आजच लिहून दिलंय: "शेखर सरांना मला काहीही विचारायचं नाही." तिलाही आश्चर्य वाटलं. मला तितकं वाटलं नाही. काल मी मोकळेपणाने बोललो, ते त्यांना पटलं असावं. एकोणीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस, समजूतदार आहे. 

कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन तयार आहे, उद्याची तारीख घालून. मोनिकाच्या अंदाजाने साडेअकराला सगळं आटपेल.

परवा, मंगळवारी, सकाळी सातला नवी बॅच भट्टीत जाईल, आठशे चाळीसवर. हवा कोरडी करणारं यंत्र नवीन बसवलंय, ओलावा मोजायला एकाऐवजी तीन मीटर लावलेत. नवा ऑपरेटर अजून मिळालेला नाही. रणजीत सरांनी मला घाईघाईने भट्टीचं प्रमाणपत्र काढून दिलं आणि सांगितलं, या वेळी तू स्वतः बस, चौदा तास, दर अर्ध्या तासाला तुझी सही, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागाच नको. असा विश्वास त्यांनी सहा वर्षांत कोणावर दाखवला नव्हता. जेवणाचा डबा तिथेच न्यायचा आहे.

दुसरी ट्रायल शुक्रवारी, १२ डिसेंबरला. ग्राहकाला पाठवलेल्या पत्रात सरांनी शेवटी एक ओळ घातली आहे: निकाल लागेल तेव्हा मॉडेल करणारे शेखर स्वतः रिॲक्टरपाशी हजर असतील आणि सर्व प्रश्नांची उत्तरं देतील.